गोट्या चालायला लागला

मंगळवार पेठ, सातारा
१२ ऑगस्ट

प्रिय मंदा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू "गोट्या गेला का गं?" असं दबकत विचारलंस आणि मला बोलवेचना. गेला नाही, मंदा. आमचं ते म्हातारं कुत्रं आत्ता माझ्या पायाशी झोपलंय. पण आमच्याच हातून तो जाणार होता, आणि ते मी अजून कुणापाशी बोललेले नाही. तुझी कुत्री चिंगीही आता बाराची झाली. म्हणून सगळं नीट लिहिते.

गेल्या महिन्यातला शनिवार. पहाटे माजघरातून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. दिवा लावून बघते तर गोट्या भिंतीला चिकटून पडलेला, मान डावीकडे पिरगळल्यासारखी, आणि डोळे झटक्याझटक्याने आडवे हलतायत, एक क्षण ठरत नाहीत. उठायला गेला की ओंडक्यासारखा डावीकडे गडगडायचा. तिथेच उलटी झाली, तिथेच लघवी झाली. आपल्या त्या गुळगुळीत शहाबादी फरशीत तो नखं रोवत होता गं, जणू घरच उलटंपालटं होतंय. फटाक्यांना तो घाबरतो, पण ही भीती मी तेरा वर्षांत बघितली नव्हती.

उजाडेपर्यंत वाड्यातली सगळी जमली. लकवा मारला, सगळ्यांचं एकच. एक वडीलधारे म्हणाले, "म्हातारं जनावर आहे, हाल करू नका, इंजेक्शन देऊन मोकळं करा." चांगल्या मनानेच म्हणाले. आणि मी ह्यांना सांगितलं, "डॉक्टरांना तसंच सांगू." गोट्याचं डोकं तेव्हा माझ्या मांडीवर होतं.

रिक्षात गोधडीत गुंडाळून नेला. डॉक्टरांनी माझं बोलणं ऐकून घेतलं आणि काही न बोलता तपासायला बसले. कानात दुर्बिणीने बघितलं. डोळे आडवे हलतात की उभे, ते बराच वेळ बघत राहिले. मग त्याला पोटाखालून धरून उभा केला आणि एकेका पायाचा पंजा उलटा करून टेकवला. गोट्याने चारही वेळा पंजा लगेच सरळ केला. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ताई, आज काही ठरवू नका. मला हा लकवा वाटत नाही. तीन दिवस द्या."

त्यांनी मग कागदावर चित्र काढून दाखवलं. आतल्या कानात अर्धगोल नळ्या असतात, त्यात पाणी असतं, आणि डोकं कुठे वळलंय ते त्या मेंदूला सांगतात. म्हाताऱ्या कुत्र्यांत एका बाजूचा हा निरोप कधी कधी अचानक बंद पडतो. दुसरी बाजू बोलतच असते, म्हणून मेंदूला वाटतं आपण गरगर फिरतोय. त्यानेच डोळे हलतात, मळमळतं, तोल जातो. बरेचदा कारण सापडतच नाही. डोळे वरखाली हलले असते, पंजा उलटाच राहिला असता किंवा शुद्ध हरपत असती, तर दुखणं मेंदूत असल्याचा संशय घ्यावा लागला असता. मग शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायचं ठरलं होतं. हे घरी बसून ओळखायच्या फंदात मात्र पडू नकोस. कानात पू झाला तरी, थायरॉइड कमी पडलं तरी असंच दिसतं. आणि आपल्या मनाने कानात थेंब तर मुळीच घालू नकोस. पडदा फाटलेला असेल तर काही औषधांनी आतला कान आणखी बिघडतो.

उलटी थांबायचं इंजेक्शन आणि सलाईन दिलं. बाकीचं घरीच करायचं होतं.

पहिल्या दोन रात्री मी माजघरातच अंथरूण टाकलं. गोधड्यांच्या वळकट्या करून त्याच्या डाव्या अंगाला लावल्या, म्हणजे लोळताना आधार मिळे. दिवा रात्रभर चालू ठेवला, कारण कानाने दगा दिला की डोळ्यांवरच सगळी भिस्त. अंधारात तो जास्त घाबरायचा. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, खालचं फडकं बदलायचं. पाणी चमच्याने, तेही मान जशी वळलेली तशीच ठेवून. मी सुरुवातीला ती सरळ करायला गेले तर बिचारा कळवळला.

आणि फरशी! भाऊजींनी पाठवलेली तुमच्या वखारीतली हळदीची पोती आठवतात? माळ्यावरून काढली, उसवली, आणि माजघरापासून परसदारापर्यंत पायघडी घातली. तागावर नखं रुततात, पाय घसरत नाही. मी पोती झटकली होती, धुतली नव्हती. दोन दिवसांत गोट्याचे पांढरे पंजे पिवळेधमक झाले. हे म्हणाले, "नवरदेव दिसतो." त्या आठवड्यात आम्ही पहिल्यांदा हसलो.

मंगळवारी सकाळी डोळे थांबले. मी पेजेत बोटं बुडवून त्याच्यापुढे धरली, त्याने आधी बोटं चाटली आणि मग वाटी. मी तिथेच बसून रडले.

पुढचं हळूहळू झालं. पोटाखालून जुना टॉवेल घालायचा, दोन्ही टोकं वर धरायची आणि परसात न्यायचं. मला वाटायचं उचलूनच न्यावं, पण डॉक्टरांनी बजावलं होतं की त्याला पाय टेकू द्या, पडू द्या, चालण्यातूनच मेंदू नवा तोल शिकतो. ते फार जड गेलं मला. पायऱ्यांना फळी आडवी लावली, पाण्याचं भांडं पाटावर ठेवलं. दहाव्या दिवशी टॉवेल सैल सोडून बघितला आणि तो झोकांड्या खात का होईना, तुळशीपर्यंत गेला. तीन आठवड्यांत घरभर फिरायला लागला. मान थोडी कललेलीच राहिली आहे, कदाचित तशीच राहील. पुन्हा असा झटका येऊ शकतो, हेही डॉक्टरांनी सांगून ठेवलंय.

गेल्या रविवारी पाऊस उघडला होता. रिक्षाने त्याला संगम माहुलीला नेलं. खंड्याची समाधी आठवते ना? डी.एड.ला असताना आपण दोघी तिथे डबा खायचो. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांना ह्या कुत्र्याने वाघापासून वाचवलं असं सांगतात, म्हणून त्याची समाधी बांधली. गोट्याने काहीच पराक्रम केला नाही. तेरा वर्षं मी शाळेतून यायच्या वेळेला दारात बसला, एवढंच. तिथे त्याला जवळ घेऊन मी त्या शनिवारच्या वाक्याची माफी मागितली.

चिंगीला असं काही झालं तर आधी मला फोन कर, कितीही रात्र असो. मी पहिल्या एसटीने सांगलीला येईन. आणि तू गणपतीला येशील तेव्हा भाऊजींना सांगून आणखी चार पोती घेऊन ये. पुढच्या ओसरीवर अजून त्याचा पाय घसरतो. ह्यावेळी धुऊनच अंथरीन.

तुझीच,
शालू