डरलाय

मिरज, रविवार, रात्री अकरा

प्रिय अव्या,

चार महिने तुझ्या पत्राला उत्तर नाही. शिव्या साठवून ठेव, भेटल्यावर एकदम घेतो. तब्येत ठीक. बीपीची गोळी अर्धीची पूर्ण झाली, एवढंच.

मंगळवारी रात्री दीडला लाइट गेली. मुक्ता दचकून उठली आणि मला घट्ट धरून म्हणाली, ‘पापा, मुझे बहुत डर लग रहा है.’ अरे, मी बाबा आहे, पापा कधी झालो? दिवसा ती तसं बोलायची तेव्हा आम्हीच हसायचो, पाहुण्यांसमोर बोलून दाखवायला लावायचो. पण अर्धवट झोपेत, भेदरल्यावर? वैशाली म्हणाली, सकाळी बघू. ती झोपली. मी नाही.

सगळी त्या डोरेमॉनची करणी. जपानी बोका, हिंदीत बोलतो आणि मिरजेच्या पोरीला फितवतो! 2013 मध्ये बांगलादेशानं हिंदी डोरेमॉन बंद केला, मुलं घरात हिंदी बोलायला लागली म्हणून. ती बातमी मला तूच दाखवली होतीस, स्टेशनवर. ‘घरात मराठी असली की झालं, कार्टूननं भाषा जाते होय रे?’ असं मी म्हणालो आणि तू दीड महिना बोलला नाहीस. तू जिंकलास. लिहून देतोय, फ्रेम करून लाव.

मग तुझ्यासारखा वाचत बसलो. सिएटलमध्ये पॅट्रिशिया कूलबाईंनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवर एक प्रयोग केला होता, तो 2003 मध्ये छापून आला. काही बाळांशी चिनी बाई समोर बसून खेळल्या, बोलल्या. बारा बैठकांत बाळं चिनी ध्वनी ओळखायला लागली. तेच पडद्यावर दाखवलेल्या बाळांच्या पदरात काही पडलं नाही. म्हणजे समोर माणूस लागतो. मग आमच्या घरात पडदा कसा जिंकला? एक तर मुक्ता बाळ नाही, पावणेपाचची आहे. दुसरं बुधवारी कळलं. मी दिवसभरात तिच्याशी काय बोलतो ते मोजलं. ऊठ. दात घास. बूट घाल. गप. झोप. आणि डोरेमॉनमधला तो पोरगा, नोबिता? तो घाबरतो, लाजतो, शून्य मार्कांचा पेपर आईपासून लपवतो, खोटं बोलताना पकडला जातो. भीतीचं वाक्य तिला त्याच्याकडूनच मिळणार ना! ‘मला भीती वाटतेय’ असं मी तिच्यासमोर कधी म्हटलंय?

आपणही टीव्हीचीच पोरं, कबूल. 1987 मध्ये रामायण लागलं आणि खराट्याच्या हिरांचे बाण करून तुझी भुवई मी फोडली. (तू मध्ये आलास. आजही तेच म्हणणार.) पण ते रविवारी एकदा लागायचं आणि संपायचं. निम्मी हिंदी डोक्यावरून जायची. उरलेले सहा दिवस राम आपल्या बोळातलं बोलायचा, ‘थांब की लेका रावणा, बाण संपलेत!’ मुक्ताचं कार्टून संपतच नाही, तर त्याचं मराठी ती करणार कधी?

गुरुवारी टीव्ही बंद केला. दोन तास थयथयाट. शेवटी आईनं मला हाकललं, टीव्ही लावला आणि स्वतः तिच्याशेजारी जाऊन बसली. चष्मा नाही, हिंदी येत नाही, दर मिनिटाला विचारतेय, ‘हा जाड्या कोण गं? याला का मारतोय?’ पोरगी वैतागून सांगतेय, पण सांगतेय.

तुझ्या बदलीचं काय झालं? काकूंचा गुडघा बरा आहे ना? चिन्याच्या बारावीचं वैशालीकडून कळलं, शाब्बास म्हणावं. सविताला नमस्कार.

हां, आज सकाळी आईनं विचारलं, ‘हा पोरगा का रडतोय?’ मुक्ता म्हणाली, ‘आजी, तो डरलाय.’

मी दुरुस्त केलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी साडेनऊला फोन कर आणि तिच्याशी बोल. बाणाची गोष्ट सांग, तुझ्या बाजूनं सांगितलीस तरी चालेल. फक्त शिव्या गाळ.

तुझा,
नंदू