नहर अल-बारिदच्या गल्ल्या

प्रिय सुहास,
स. न. वि. वि.

काही शे अतिरेकी आणि समोर अख्खं सैन्य, तरी लेबनॉनमधल्या नहर अल-बारिदची लढाई 105 दिवस का चालली, असं तू विचारलंस. मला वाटतं, उत्तर तिथल्या भिंतींत आहे.

निर्वासितांची छावणी म्हटलं की आपल्याला तंबू दिसतात. त्रिपोलीजवळची ही पॅलेस्टिनी वस्ती 1949ची. जागा तेवढीच, कुटुंबं वाढली, म्हणून घरं वर चढत गेली. भिंतीला भिंत, आणि गल्ल्या अशा की समोरून कुणी आलं तर अंग चोरावं लागे. माणसं तीस हजारांच्या आसपास. 1969च्या कैरो करारामुळे सैन्य छावण्यांत शिरत नसे. 1987मध्ये करार रद्द झाला, रीत राहिली. फतह अल-इस्लाम या अतिरेकी संघटनेने मात्र 2006च्या नोव्हेंबरपासून आत बस्तान बसवलं होतं.

20 मे 2007ला त्यांनी सैन्याच्या चौक्यांवर हल्ला केला आणि वेढा पडला. अशा गल्लीत रणगाडा वळत नाही, त्याची तोफ वरच्या मजल्यापर्यंत उचलली जात नाही. अतिरेकी भिंतींना भोकं पाडून घरातल्या घरात सरकतात, त्यामुळे काल मोकळं केलेलं घर आज पुन्हा गोळ्या झाडतं. प्रत्येक घरात माणसं ठेवायची तर पुढे जायला कोण उरणार? त्यात दारोदारी पेरलेले सापळे. मग दुरून तोफा. पण पडलेलं घर लपायला उभ्या घराहून बरं! नेमका मारा करणारी शस्त्रं नव्हती, म्हणून शेवटी हेलिकॉप्टरना बॉम्ब बसवून ते वरून टाकले. दीडशेहून जास्त सैनिक गेले.

रहिवासी बहुतेक पहिल्या काही आठवड्यांतच बेद्दावी छावणीत पळाले होते. तिथल्या शाळांच्या वर्गांत कुटुंबंच्या कुटुंबं राहिली. ऑगस्टअखेर अतिरेक्यांची बायकामुलं बाहेर सोडली गेली, 2 सप्टेंबरला उरलेल्यांनी वेढा फोडायचा प्रयत्न केला आणि लढाई संपली. म्होरक्या शाकेर अल-अब्सी मेला असं जाहीर झालं, प्रेत त्याच्या बायकोने ओळखलं होतं. डीएनए चाचणीत ते त्याचं नव्हतंच.

सुहास, मला छळतं ते यानंतरचं. ज्यांचा या भांडणाशी संबंध नव्हता त्यांची जुनी छावणी पार सपाट झाली. ढिगारा उचलायचा तर आधी न फुटलेले गोळे एकेक करून काढायचे. ते होतंय तोवर खाली ऑर्थोसिया या प्राचीन नगराचे अवशेष लागले आणि 2009मध्ये बांधकाम काही काळ थांबलं. पहिल्या कुटुंबांना घराच्या किल्ल्या मिळाल्या 2011मध्ये, आणि त्याही थोड्यांनाच.

तुझा,
अनंत