पाइपात गॅस जमते कसा, ते लिहून राह्यलो

प्रिय संज्या,

तू फोनवर विचारलं, गॅस तो गॅस, तो पाइपात जमून बसते कसा, अन् तेवढ्यात नेटवर्क गेलं. पप्पू पुढच्या महिन्यात ऑफशोअरले, म्हंजे समुद्रातल्या गॅसच्या कामावर, जाऊन राह्यला म्हणतो, म्हणून सविस्तर लिहितो. सुट्टीत वरुडलेच आहो, संत्र्याच्या बगिच्यात.

अबे, गॅस एकटा नाही जमत. त्याच्यासंग पाणी येते. खोल समुद्राच्या तळाशी जवळपास ४ डिग्री, आत प्रेशर जबरदस्त, अशात पाण्याचे बारीक पिंजरे बनतात अन् मिथेन, म्हंजे त्या गॅसातला मुख्य भाग, त्यात अडकते, हेच हायड्रेट. दिसते बर्फासारखं, पण शून्य डिग्रीची वाट नाही पाहत, निव्वळ मिथेन असलं तरी ४ डिग्रीले ४० बारच्या (एक बार म्हंजे जवळपास हवेच्या दाबाएवढं प्रेशर) आसपास पुरते, १०० बारले तर १२-१३ डिग्रीलेही जमते. गॅसचा पाइप बंद करणारं बूच या हायड्रेटचं असते हे हॅमरश्मिट नावाच्या अमेरिकन केमिस्टनं १९३४ मधी दाखवलं.

मले खरी धास्ती लाइन बंद पडल्यावरची. चालू असताना गॅस विहिरीतून गरम येते, बंद झाली की पाइप थंड होत जाते, पाणी सखल जागी साचते, अन् पुन्हा चालू केली की तेच पाणी गॅससंग घुसळून निघते. म्हणून किती तासात पाइप हायड्रेट जमाच्या हद्दीत उतरन, पाण्यात मीठ किती (मिठानंही जमणं लांबते), जमू न देणारं मिथेनॉल नाहीतर ग्लायकॉल किती सोडाचं, हे सारं आधीच काढून ठेवा लागते.

बाबांच्या ड्रिपच्या फिल्टरले दोन गेज आहेत. काल पाणी आत येते तिथला २ वर, बाहेर जाते तिथला सव्वावर, बाबा म्हणे फिल्टर भरला, अन् लगेच धुवाले घेतला. पाइपाच्या भिंतीवर हायड्रेटचा हळूहळू थर बसला तर आमच्या गॅसलाइनवरही असंच कळते, गॅस तेवढाच पण दोन टोकांतल्या प्रेशरचा फरक वाढत जाते. पण कधी हायड्रेटचे गोळे वाहत येऊन काटा थोडा नाचते अन् एकदम गच्च, म्हणून नुसत्या गेजच्या भरवशावर राहाचं नाही.

अन् हे पप्पूले दोनदा वाचून दाखव. बूच बसलं तर एकाच बाजूनं प्रेशर सोडाचं नाही, ते गोळीसारखं सुटते, पाइप फोडते, यात माणसं मेलेली आहेत. मधातच गरमही कराचं नाही, एका घनमीटर हायड्रेटातून १६० घनमीटरच्या आसपास गॅस निघते, तो कोंडला तर जाईन कुठं? प्रेशर दोन्हीकडून सोडाचं, हळूहळू, दिवस लागले तरी चालन.

त्याले रविवारी घेऊन ये, मी प्रेशर-टेंपरेचरचा चार्ट काढून ठेवतो.

तुझा,
विन्या