संपादकांना पत्र : ग्लासची टॅक्सी एका ओळीत का गुंडाळली?

मा. संपादक,

तुमच्या पुरवणीतला अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लासवरचा लेख वाचला. मराठी पेपरात असल्या संगीतकारावर अर्धं पान येतं याचंच कौतुक, पण लेख बालपण, ज्युलियार्ड (न्यूयॉर्कचं संगीत विद्यालय), पॅरिस असं करत एकदम सिनेमे आणि पुरस्कारांवर उडी मारतो आणि मधली सगळी वर्षं 'संघर्षाचा काळ' म्हणून एका ओळीत गुंडाळतो. माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे हो.

१९३७ चा जन्म, बाल्टिमोरचा, वडिलांचं रेकॉर्डचं दुकान. पॅरिसला नादिया बुलांजेंसारख्या कडक बाईंच्या हाताखाली शिकलेला माणूस, मनात आणलं असतं तर कुठल्यातरी युनिव्हर्सिटीत आरामात चिकटला असता. नाही चिकटला. न्यूयॉर्कला येऊन लोकांचं सामान हलवलं, प्लंबिंग केलं, टॅक्सी चालवली, आणि हे 'ब्रेक मिळेपर्यंत' वगैरे पण नाही, कारण १९७६ च्या नोव्हेंबरात त्याचा ऑपेरा, म्हणजे गाण्यातून चालणारं नाटक, 'आइन्स्टाइन ऑन द बीच' न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या थिएटरात दोनदा हाऊसफुल झाला आणि त्यानंतर साहेब परत टॅक्सीवर! तिकिटं सगळी खपून वर अंगावर कर्ज. एक बाई टॅक्सीत बसल्या आणि ड्रायव्हरचं नाव वाचून म्हणाल्या की तुमचं नाव एका फार प्रसिद्ध संगीतकाराचं आहे, हा किस्सा तो स्वतःच सांगतो. टॅक्सी सुटली तेव्हा वय चाळिशीच्या पुढे गेलेलं.

याला नुसता संघर्ष म्हणणं मला पटत नाही, कारण त्यात चांगलाच हिशोब होता. १९६८ मध्ये त्याने स्वतःचा ग्रुप काढला आणि बरीच वर्षं आपलं म्युझिक दुसऱ्या कुणाला वाजवायलाच दिलं नाही, ऐकायचंय ना, मग आम्हालाच बोलवा. हक्क स्वतःकडे, वाजवणाऱ्यांना पैसे द्यायचे म्हणजे द्यायचे, आणि आपलं पोट टॅक्सीवर, त्यामुळे काय लिहायचं हे सांगायला डोक्यावर कुणीच नाही. आपल्याकडे कलाकाराच्या लेखात पैशाचा विषय काढला की लोकांना कसंतरीच होतं, का ते माहीत नाही.

दुसरं म्हणजे रविशंकरांचा तुम्ही फक्त उल्लेख केलाय, 'भारतीय संगीताचा प्रभाव', झालं. प्रभाव म्हणजे नक्की काय ते सांगा ना. पॅरिसमध्ये एका सिनेमाचं काम होतं, रविशंकर सांगणार आणि ग्लास ते फ्रेंच वादकांसाठी नोटेशनमध्ये उतरवणार. त्याने पाश्चात्त्य पद्धतीने बारच्या रेघा (ठराविक मात्रांचे कप्पे पाडणाऱ्या उभ्या रेघा) मारल्या आणि वादक भलत्याच ठिकाणी जोर द्यायला लागले, तबल्यावरचे अल्लारखाँ प्रत्येक वेळी मान हलवून नाही नाही म्हणतायत. शेवटी वैतागून रेघाच खोडल्या तेव्हा दिसलं की इथे दोन-दोन तीन-तीनचे छोटे तुकडे जोडत मोठं आवर्तन बनतंय. पुढे त्याच्या म्युझिकमध्ये पाच स्वरांचा तुकडा सहाचा होतो, सहाचा सातचा होतो, ते बरंचसं या खोडाखोडीतून आलं. आपल्या तालाचा अर्थ त्याने जरा सोपा करून घेतला असं जाणकार म्हणतात, असेलही, पण त्यातून स्वतःचं काहीतरी काढलं की नाही?

आणि त्याच्या 'सत्याग्रह' या ऑपेराला अख्ख्या लेखात एक वाक्य? १९८० मध्ये रॉटरडॅमला पहिला प्रयोग, गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतली वर्षं, आणि गाणं सगळं संस्कृतात, गीतेतलं! ऑर्केस्ट्रात ना ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) ना ड्रम. शेवटी गांधी झालेला टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुष गायक, एकच आठ स्वरांची चढती ओळ पुन्हा पुन्हा गातो, उतरतच नाही, नुसता चढतो, खालची साथ तेवढी मधूनमधून बदलते. ते स्वर आपल्या हिशोबाने भैरवी थाटाचे. आता त्याने आपल्या मैफलीसारखी शेवटी भैरवी ठेवली असा दावा मी करत नाही, त्याच्याकडे, म्हणजे पाश्चात्त्य संगीतात, या स्वरसप्तकाला फ्रिजियन म्हणतात आणि राग वगैरे त्याच्या डोक्यात नसावा, पण आपल्या कानाला ते लगेच लागतं, निदान माझ्या तरी.

ऑस्करला तीन नॉमिनेशन ही माहिती बरोबर आहे, पण ती मोबाईलवर कुणालाही दोन मिनिटांत मिळते. पुढचा लेख स्टीव्ह राइश या दुसऱ्या अमेरिकन संगीतकारावर येणार म्हणे, त्यानेही ग्लासबरोबर सामान हलवायचं काम केलंय, तेवढं लेखकाला कळवा.

आपला,
एक नेहमीचा वाचक