हजार वॅट ठीक, पण आवाज किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणक जोडताना त्याच्या भागांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय, म्हणजे रोजच्या बोलण्यातला एसएमपीएस, किती वॅटचा घ्यावा यावर तंत्रज्ञानाच्या पानांत नेहमी लिहून येते. तो आवाज किती करील, याबद्दल मात्र दोनच गोष्टी कानावर येतात आणि त्या एकमेकींना छेद देतात. एक म्हणते, मोठा घ्या, ताण कमी, म्हणून शांत. दुसरी म्हणते, हजार वॅटच्या पुढे गेलात की पंखा घोंघावणारच. दोन्ही अर्धवट आहेत. खोक्यावरचा वॅटचा आकडा आवाजाबद्दल काहीच सांगत नाही. कोणत्या लोडला, म्हणजे संगणक किती वीज ओढतोय त्यानुसार, पंखा किती वेगाने फिरतो, याचा आलेख ते सांगतो. खरेदीचा सल्ला छापताना हा आलेखही छापावा, एवढीच या पत्रामागची मागणी आहे.

पंखा फिरतो तो वाया गेलेल्या विजेची उष्णता बाहेर टाकण्यासाठी. समजा संगणकाला ५०० वॅट लागत आहेत. ७५० वॅटच्या सप्लायची कार्यक्षमता त्या लोडला ९० टक्के धरली, तर तो भिंतीतून सुमारे ५५६ वॅट घेतो आणि ५६ वॅट आतच उष्णता होऊन बसतात. तेच काम १२०० वॅटच्या सप्लायने ९२ टक्क्यांनी केले, तर उष्णता ४३ ते ४४ वॅट. फरक जेमतेम १२ वॅटचा. एवढ्याने पंखा गप्प बसत नाही. मोठा सप्लाय शांत वाटतो तो मुख्यतः आतल्या मोकळ्या जागेमुळे, उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या मोठ्या हीटसिंकमुळे, १३५ किंवा १४० मिलिमीटरच्या पंख्यामुळे आणि पंख्याचा वेग उशिरा वाढवण्याचे ठरवले असेल तर त्यामुळे. यातले काही नसेल तर १२०० वॅटचा सप्लायही ५०० वॅटला कटकट करतो.

आवाजाचे गणित वेगाशी फार निष्ठुरपणे बांधलेले आहे. पंख्याचा वेग दुप्पट झाला की हवा दुप्पट वाहते, पण आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने चढतो. म्हणून मिनिटाला ८०० फेऱ्यांना जो पंखा जाणवतही नाही, तोच १६०० फेऱ्यांना खोलीभर ऐकू येतो. छोट्या पंख्याला तेवढीच हवा ढकलायला वेग वाढवावा लागतो. छोट्या कॅबिनेटसाठीच्या एसएफएक्स आकारात ९२ मिलिमीटरचा पंखा मावतो, त्यामुळे तिथे जास्त वॅट आणि शांतता यांची सांगड कठीण. (सर्व्हरमधून काढलेले सप्लाय स्वस्त मिळतात म्हणून घरी लावणारेही असतात. त्यांत ४० मिलिमीटरचे पंखे असतात. अशा सप्लायशेजारी बसून फोनवर बोलून पाहावे.)

जास्त वॅटच्या सप्लायची खरी अडचण बहुतेकांना वाटते तिथे नसते. ती असते संगणक नुसता चालू असताना. १५०० वॅटच्या सप्लायला पूर्ण लोडची उष्णता हाकलायची असल्याने त्यात ताकदवान, समजा २५०० फेऱ्यांचा, पंखा बसवतात. पंखा सुरू व्हायलाच ठरावीक व्होल्टेज लागते, बारा व्होल्टच्या पंख्याला साधारण चार-पाच व्होल्ट. तेवढ्या व्होल्टेजला हा पंखा ८०० ते १००० फेऱ्यांवर जातो, तर १२०० फेऱ्यांचा साधा पंखा चारशे-पाचशेवर राहतो. म्हणजे पत्र टंकताना, ७० वॅटच्या लोडला, हजारो रुपयांनी महाग असलेला सप्लायच जास्त गुणगुणतो.

यावर उत्पादकांनी उपाय काढला तो पंखा पूर्ण थांबवण्याचा. कमी लोडला, सहसा ३० ते ४० टक्क्यांपर्यंत, पंखा बंदच राहतो. कल्पना चांगली आहे, पण एक खोड आहे. लोड जर नेमका त्या उंबरठ्यावर रेंगाळला तर पंखा सुरू होतो, थंड करतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. कानाला सततच्या मंद आवाजापेक्षा दर दोन मिनिटांनी सुरू होणारी घरघर जास्त टोचते. चांगल्या रचनेत सुरू होण्याचे आणि थांबण्याचे तापमान वेगळे ठेवलेले असते, म्हणजे पंखा एकदा फिरला की काही मिनिटे फिरत राहतो. ते नसेल आणि मागच्या बाजूला पंखा सतत चालू ठेवण्याचे बटण असेल, तर ते दाबून टाकावे. ५०० फेऱ्यांचा अखंड आवाज चार दिवसांत विसरायला होतो.

आता वॅट किती, हा प्रश्न. आरटीएक्स ५०९० या ग्राफिक्स कार्डाची मर्यादा ५७५ वॅट, कोअर आय९-१४९००के प्रोसेसरची २५३ वॅट. मदरबोर्ड, मेमरी, एसएसडी, पंखे, पंप मिळून ७०-८० धरा. बेरीज ९०० वॅट. तीही दोन्ही भाग एकाच वेळी कमाल मर्यादेला भिडले तर, आणि गेम खेळताना ते क्वचित घडते. अशा संगणकाला १००० ते १२०० वॅट पुरे. एकाच कार्डासाठी १६०० वॅट घेण्यामागे बहुधा जुनी भीती असते: कार्ड क्षणभर दुप्पट वीज ओढते आणि सप्लाय बंद पडतो. ती भीती पूर्वी खरी होती. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात, कार्डासाठी नवा सोळा पिनांचा कनेक्टर देणाऱ्या ४५० वॅटच्या वरच्या सप्लायने १०० मायक्रोसेकंदांसाठी दुप्पट शक्तीचा झटका सोसला पाहिजे, अशी अपेक्षा आहे. पंख्याला त्या झटक्याची खबरही लागत नाही, कारण तापमान इतक्या चटकन हलत नाही. काही सप्लायमध्ये पंखा तापमानाऐवजी थेट करंटवर बांधलेला असतो. तो मात्र लोड चढताच लगेच भुणभुणू लागतो.

दोन कार्डे लावून तासन्‌तास रेंडरिंग, म्हणजे संगणकाकडून दृश्ये घडवून घेण्याचे काम, करणाऱ्यांची गोष्ट निराळी. तिथे १६०० वॅट लागतात आणि पंखा ऐकू येणारच. पण तिथेही एक हिशेब करावा. कार्डांचे पंखे मिळून ३५ डेसिबल आणि सप्लाय २५ डेसिबल असेल, तर एकूण आवाज ३५.४ होतो. सप्लाय अगदी मुका आणला तरी अर्धा डेसिबलही कमी होत नाही. पैसे आधी कार्डाच्या आणि कॅबिनेटच्या पंख्यांवर खर्चावेत.

तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांचा आरोपी सप्लाय नसतोच. ओळखायची रीत सोपी आहे. पुठ्ठ्याची लांब नळी एका कानाला लावून दुसरे टोक एकेका पंख्यासमोर धरावे. सप्लायच्या मागच्या जाळीसमोर पातळ टिश्यू पेपरची पट्टी धरली की पंखा फिरतोय की थांबलाय ते लगेच कळते. त्याहून नेमके हवे असेल तर मोबाइलवर ध्वनीचा स्पेक्ट्रम दाखवणारे अ‍ॅप उघडावे. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर सेकंदाला २५ फेरे, गुणिले सात, म्हणजे १७५ हर्ट्झला टोक दिसते. वेग बदलला की टोक सरकते. पंख्याचा हा ठसा आहे. टोक काही हजार हर्ट्झवर असेल आणि माउसचे चाक फिरवले, गेमचा मेनू उघडला की बदलत असेल, तर ते पंख्याचे काम नाही. तारेच्या वेटोळ्यांतून धावणाऱ्या करंटमुळे इंडक्टर आणि ट्रान्सफॉर्मर सूक्ष्म थरथरतात, त्याची ती किरकिर, जिला कॉइल व्हाइन म्हणतात. ती सप्लायमधून येते तशीच कार्डातूनही येते. गेमच्या मेनूत सेकंदाला हजारो फ्रेम निघत असतील तर फ्रेमवर मर्यादा घालावी. अर्ध्याअधिक वेळा किरकिर तिथेच थांबते.

तिसरा आवाज बेअरिंगचा. स्लीव्ह बेअरिंगमधले वंगण आटले की सकाळी यंत्र गार असताना खरखर होते आणि दहा मिनिटांत ती विरते. बॉल बेअरिंग जास्त टिकते, पण सुरुवातीपासून बारीक टकटक करते. पंखा आडवा टांगलेला असल्याने स्वस्त स्लीव्ह बेअरिंग लवकर झिजते. जास्त वॅटच्या सप्लायमध्ये फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग, म्हणजे वंगणाच्या थरावर फिरणारे बेअरिंग, आहे का, ते खरेदीआधी पाहावे.

पंखा बदलायचा मोह टाळावा. सप्लायच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, ३८० ते ४०० व्होल्ट साठलेले असतात आणि भिंतीतली पिन काढल्यावरही ते काही काळ राहतात. ज्याला हे काम येत नाही त्याने झाकणाचा स्क्रूही फिरवू नये. येत असेल त्यांच्यासाठीही इशारा: मंद पंखा बसवला तर आवाज जातो, पण हवाही जाते, आणि कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. काही सप्लायमध्ये पंख्याच्या एका भागावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चिकटवलेला दिसतो. तो कारखान्यात विसरलेला नसून हवा तापलेल्या भागांकडे वळवण्यासाठी असतो. त्याने थोडी शिट्टी वाजते खरी, पण काढू नये. वॉरंटी असेल, आणि महागड्या सप्लायना ती १० वर्षांचीही असते, तर बेअरिंगची खरखर हे परत पाठवण्याचे पुरेसे कारण आहे.

बाहेरून करण्यासारखे बरेच आहे. कॅबिनेट गालिच्यावर ठेवू नये. खालून हवा घेणाऱ्या सप्लायखाली दोन बोटे तरी जागा हवी. खालची जाळी महिन्यातून एकदा काढून झटकावी. उरलेल्या केबलींचा गठ्ठा सप्लायच्या तोंडाशी कोंबण्याची सवय सर्वत्र आहे, तीच पंख्याला जोरात पळवते. हवेच्या डब्याने धूळ उडवताना पिन काढावी आणि जाळीतून प्लास्टिकची काडी घालून पाते धरून ठेवावे, नाहीतर पंखा भन्नाट फिरून बेअरिंग खराब होते. सगळ्यात गुणकारी उपाय सॉफ्टवेअरचा आहे: ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा ८० टक्क्यांवर आणावी. वीज पाचव्या हिश्शाने घटते, वेग सहसा त्याहून बराच कमी घटतो आणि कार्ड व सप्लाय दोघांचेही पंखे खाली येतात.

आता लेबलांविषयी. गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम ही ८० प्लसची बिरुदे कार्यक्षमतेची आहेत, आवाजाची नाहीत. ११५ व्होल्टच्या चाचणीत गोल्डला निम्म्या लोडला ९० टक्के आणि पूर्ण लोडला ८७ टक्के लागतात, एवढाच त्याचा अर्थ. चाचणीही २३ अंशांच्या आसपास, खोलीच्या तापमानाला होते. तापलेल्या कॅबिनेटमध्ये सप्लायला ४० अंशांची हवा मिळते, तेव्हा पंखा कितीतरी आधी जागा होतो. आवाजासाठी सायबेनेटिक्स या संस्थेची लॅम्ब्डा नावाची वेगळी श्रेणी आहे. ए++ म्हणजे सरासरी १५ डेसिबलपेक्षा कमी, ए+ म्हणजे १५ ते २०, ए म्हणजे २० ते २५. मात्र ही सगळ्या लोडांची सरासरी. ६० टक्क्यांपर्यंत गप्प राहून पुढे कर्कश होणारा सप्लाय आणि पहिल्यापासून एकसारखा कुजबुजणारा सप्लाय एकाच श्रेणीत बसू शकतात.

म्हणून श्रेणीचे अक्षर छापून भागत नाही. आपल्या पानावर एखाद्या सप्लायची शिफारस येईल तेव्हा २०, ५०, ८० आणि १०० टक्के लोडला पंख्याचे फेरे आणि डेसिबल, कोणत्या तापमानाला आणि किती अंतरावरून मोजले, हे चार ओळींच्या तक्त्यात द्यावे. अंतर दुप्पट केले की मोकळ्या जागेत आकडा ६ डेसिबलने उतरतो, त्यामुळे अंतराविना दिलेला डेसिबलचा आकडा छापूच नये.

आपले,
संगणक जुळणी व दुरुस्तीचे काम करणारे काही वाचक