शाळेच्या खिचडीत गावची भाजी यावी

मा. संपादक,

संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेले कुटुंबशेतीचे, म्हणजे घरच्यांच्या कष्टावर चालणाऱ्या लहान शेतीचे दशक २०२८ मध्ये संपेल. देशांनी एकमेकांची धोरणे पाहून घ्यावीत, हा त्यामागचा एक हेतू. खान्देशात मात्र परदेशाचा विषय निघाला की चर्चा केळीच्या निर्यातीवरच थांबते. रावेर-यावलची केळी बाहेर जाते याचा आनंदच आहे; पण साक्री किंवा अक्राणीतल्या दोन एकरवाल्याला जवळचे, ठरल्या भावाचे गिऱ्हाईक हवे. ब्राझीलने ते कायद्याने मिळवून दिले.

तिथल्या २००९ च्या कायद्याने शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतील किमान ३० टक्के (२०२६ पासून ४५ टक्के) रकमेचा माल कुटुंबशेतीतून घेणे बंधनकारक केले. त्याहून मोलाची आहे खरेदीची रीत. निविदा काढावी लागत नाही. आहारतज्ज्ञ हंगाम पाहून पदार्थ ठरवतात, स्थानिक बाजारात किमान तीन ठिकाणचे भाव काढून सरासरी दर आधीच जाहीर होतो आणि मग शेतकऱ्यांना जाहीर आवाहन केले जाते. दर सर्वांना एकच, त्यामुळे भाव पाडण्याची चढाओढ होत नाही. निवडीत स्थानिक शेतकरी आधी, त्यांतही आदिवासी कुटुंबांना प्राधान्य. जमीन मालकीची की बटाईची, हेही आडवे येत नाही. २०१२ पासून ब्राझीलने संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांसोबत इथिओपिया, मलावी, मोझांबिक, नायजर आणि सेनेगलमध्ये अशाच खरेदीचे प्रयोग केले. मग धुळे-नंदुरबारला काय अडचण आहे?

आपल्या पोषण आहार योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीसाठी ७५ ग्रॅम भाजी धरलेली आहे. लहान १२० आणि मोठी ८० मुले असली, तर शाळेला रोज १२ किलो लागते. एवढ्यासाठी कुणी गाडी काढणार नाही. एकाच शालेय केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या गावांतल्या दहा शाळांची मागणी एकत्र केली, तर सव्वा क्विंटलच्या आसपास जाते आणि आठ-दहा कुटुंबांचा गट ती पाळीपाळीने सहज पुरवतो.

अडचणी आहेतच. एप्रिलमध्ये विहिरी आटतात, पालेभाजी मिळत नाही. तेव्हा ताटात डांगर (लाल भोपळा), शेवगा, मोडाची मटकी किंवा चवळी हवी. शाळा जूनच्या मध्यात उघडते, त्या वेळी पावसाळी गिलके-दोडके नुकतेच लावलेले असतात. म्हणून मागणीचे वेळापत्रक लागवडीआधी दोन महिने शेतकऱ्याच्या हाती पडायला हवे. सगळ्यांत मोठा धोका थकलेल्या बिलांचा. आडत्या हातोहात पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे देतो, सरकारी पैसा तीन महिने अडकला तर लहान शेतकरी पुन्हा त्याच्याकडेच जाणार. त्यासाठी पंचायत समितीकडे फिरता निधी ठेवून पंधरा दिवसांत पैसे द्यावेत. व्यापाऱ्यांनी दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर माल घालू नये म्हणून ई-पीक पाहणीतल्या, म्हणजे मोबाइलवरून केलेल्या पिकाच्या सरकारी नोंदीशी पडताळणी करावी. बटाईदार, वनपट्टेधारक आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या शेतकरी महिलांना ग्रामसभेचा दाखला पुरेसा मानावा.

शाळेची भाजी स्थानिक पातळीवरच घेतली जाते, त्यामुळे सुरुवातीला मोठी यंत्रणा लागणार नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्हा परिषदांनी प्रत्येकी एका तालुक्यात येत्या शैक्षणिक वर्षात हे करून पाहावे. राज्य शासनाने अन्न व कृषी संघटनेच्या दिल्ली कार्यालयामार्फत ब्राझीलच्या जाहीर आवाहनाचा नमुना मागवून तो मराठीत आणावा आणि दरनिश्चिती जानेवारीतच उरकावी.

– शेती धोरणाचे काही अभ्यासक, अमळनेर