नावं विचारायची राहूनच गेली

त्या रात्री आयसीयूत बाबांच्या हृदयाने तीनदा ताल सोडला. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन. म्हणजे हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे ढकलतच नाही. २०० ज्यूलचे शॉक, मधल्या वेळात मिनिटाला १०० च्या वर छातीवर दाब. दाब देणाऱ्या ब्रदरच्या हनुवटीवरून चादरीवर टपकणारा घाम मी काचेतून पाहिला. चौथ्या दिवशी बाबांनी चहा मागितला, तोही साखरेचा! बरगड्या दुखतात म्हणून अजून कुरकुरतात, कुरकुरू देत.

रात्रपाळीच्या सिस्टर, पोटॅशियमचा रिपोर्ट धावत आणणारा मुलगा, जिन्यात माझ्या हाती पाण्याची बाटली ठेवून न बोलता गेलेल्या मावशी, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. पुढच्या तपासणीला आई पुरणपोळ्यांचा डबा घेऊन येणार आहे. तुम्हाला शोधल्याशिवाय ती काही परत फिरायची नाही.